विनंतीपासून मागणीपर्यंत : नोकरीच्या अर्जाची नंदुरबारी वाट

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पत्रांना मानाचे पान आहे. पेशवे दप्तरातील पत्रे, लोकहितवादींची शतपत्रे, आगरकरांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेले पत्र, यांचा उल्लेख केल्याशिवाय गद्याचा इतिहास पुढे सरकत नाही. या सगळ्या पत्रांत एक पत्र मात्र नाही. ते म्हणजे नोकरी मागणारे पत्र. गेल्या दीडदोनशे वर्षांत मराठी माणसाने स्वतःविषयी जे काही गद्य स्वतःच्या हाताने लिहिले, त्यातला फार मोठा भाग अर्जाच्या रूपात आहे. ज्यांनी आयुष्यात कविता, लेख वा रोजनिशी लिहिली नाही, त्यांनीही एखादा अर्ज लिहिलेला असतो. तरीही अर्ज हा गद्यप्रकार समीक्षेच्या कक्षेत आलेला नाही.

हा योगायोग नसावा असे आम्हांला वाटते. नोकरीच्या संदर्भात मराठी माणसाला आठवणारे पत्र आगरकरांचे, म्हणजे मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नकोस असे आईला सांगणारे. नोकरी नाकारणाऱ्याचे पत्र साहित्य झाले, मागणाऱ्याचे पत्र रद्दीत गेले. आगरकरांचे दारिद्र्य खरे होते आणि त्यांचा त्यागही खरा होता. पण नाकारण्यासाठी नोकरी आधी आवाक्यात यावी लागते. ज्यांच्या आवाक्यात ती कधी आलीच नव्हती, त्यांच्या अर्जाचे काय झाले, हा प्रश्न आम्ही येथे नंदुरबार जिल्ह्याच्या आधाराने विचारणार आहोत. त्याआधी अर्जाची भाषा कोठून आली ते पाहणे आवश्यक आहे.

१

नोकरीच्या व्यवहारातील मराठी शब्द तपासले तर बहुतेक बाहेरून आलेले दिसतात. 'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ समोर मांडणे, सादर करणे. 'उमेदवार' फारसी; उमेद बाळगून असलेला तो उमेदवार. 'शिफारस' फारसी, 'रुजू' अरबी. 'नोकर' फारसीतून आला असला तरी त्याचे मूळ मंगोल भाषेतल्या एका शब्दाकडे नेले जाते, आणि त्या शब्दाचा अर्थ होता सरदाराचा साथीदार. महिन्याच्या शेवटी मिळणारा 'पगार' पोर्तुगीज. शिवकाळात रघुनाथपंडिताने राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी अर्ज, उमेदवार, नोकर हे शब्द टिकले. ज्या शब्दांवर माणसाचे पोट अवलंबून असते ते शब्द सहजासहजी बदलत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

'उमेदवार' या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी वा जुजबी मोबदल्यावर काम करणारा माणूस. 'उमेदवारी करणे' या मराठी प्रयोगात तो अर्थ अजून शिल्लक आहे. तो दप्तर लावी, नकला करी, वरिष्ठांची मर्जी सांभाळी, आणि एखाद्या दिवशी जागेवर कायम होई. त्याचे काम रोज डोळ्यांसमोर असे, म्हणून अर्जात त्याला काम सांगावे लागत नसे. निष्ठा तेवढी सांगावी लागे. अर्जाच्या भाषेत कामापेक्षा नम्रता अधिक का, याचे एक उत्तर येथे मिळते.

दुसरे उत्तर मायन्यात आहे. पत्राच्या आरंभी कोणी कोणाला काय म्हणावे याचे बारकावे मराठीत फार जुने आहेत. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत दर्जाप्रमाणे मायने ठरवून दिलेले असत. वडिलांस तीर्थरूप, गुरूस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद, धन्यास विज्ञापना. मजकूर वाचण्याआधी लिहिणाऱ्याची पायरी कळे. वरून खाली जाणारे ते आज्ञापत्र, खालून वर जाणारी ती विनंती. अर्ज करणाऱ्याची जागा अशा रीतीने पहिल्या ओळीतच ठरून गेलेली असे, आणि उरलेल्या ओळींत ती बदलण्याची सोय नव्हती.

१८१८ नंतर इंग्रजी अंमल आला तेव्हा त्यानेही आपला मायना सोबत आणला. 'आय बेग टु स्टेट' आणि शेवटी 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. इंग्रजांच्या घरी ही निव्वळ रीतीची वाक्ये होती. बरोबरीचे लोकही एकमेकांना ती लिहीत. मराठीत मात्र ती 'आपला आज्ञाधारक सेवक' अशी उतरली आणि आधीच्या विज्ञापनेवर जाऊन बसली. दोन दरबारांची नम्रता एकत्र झाली. शाळेत वर्षानुवर्षे घोटवून घेतलेला अर्जाचा नमुना हा या जोडकामाचा वारस आहे :

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी गरजू व होतकरू उमेदवार असून, आपण सेवेची संधी दिल्यास मी आपल्या विश्वासास पात्र ठरेन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

हे वाक्य वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एखाद्या कवितेसारखे वाचावे. 'विनंती' दोनदा आली आहे. 'गरजू' हे विशेषण स्वतःचे वर्णन म्हणून पुढे केले आहे, पण गरज ही पात्रता नव्हे. 'होतकरू' म्हणजे पुढे कधीतरी होईल असा. आज काय आहे ते सांगितलेले नाही. 'सहानुभूती' मागितली आहे, जी दुःखितासाठी असते. काम कोणते, ते मला कितपत येते, मी पूर्वी काय केले, यांविषयी एक शब्द नाही. शिक्षकाच्या, शिपायाच्या वा बँकेतील कारकुनाच्या जागेसाठी हाच मजकूर जसाच्या तसा चालतो. जो मजकूर कोणत्याही जागेला चालतो तो कोणत्याच जागेसाठी लिहिलेला नसतो.

२

आता नंदुरबारकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. तोपर्यंत अक्राणी महालातल्या, म्हणजे धडगावच्या माणसाला जिल्हा कचेरीत अर्ज द्यायचा तर सातपुडा उतरून, तापी ओलांडून धुळ्याला जावे लागे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या येथील प्रमुख जमाती. घरात भिली, पावरी, मावची, देहवाली बोलायची. शाळा, कचेरी आणि अर्ज मराठीत.

या प्रदेशात नोकरी आणि अर्ज यांची गाठ फार उशिरा पडली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला घेतली. सरकारी पगारावरची ही भिल्लांची पहिली मोठी भरती म्हणता येईल. तेथे अर्जाचा प्रश्न नव्हता. बंडे थोपवण्यासाठी सरकारलाच ती माणसे हवी होती.

सपाटीवरच्या, म्हणजे शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत चाले ती सालदारी. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतमालकाकडे राहणारा मजूर. खानदेशात हे साल आखाजीला, अक्षय तृतीयेला, बदलते. करार तोंडी. आधी उचल घ्यायची, ती वर्षभराच्या श्रमातून फेडायची, फिटली नाही तर पुढचेही साल त्याच दारी काढायचे. या व्यवहारात लिहिलेले पत्र कोठे नाही. कागद आलाच तर कर्जाचा, आणि त्यावर मजुराचा हात पोचे तो अंगठ्यापुरता. शाळेच्या नमुन्यातला उमेदवार निदान 'मी' असे लिहितो. सालदाराला ते एकाक्षरी सर्वनाम लिहिण्याचाही प्रसंग येत नव्हता.

हे चित्र शहाद्याच्या चळवळीने बदलले. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना परिसरात अंबरसिंग महाराज म्हणत, यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आरंभी कायद्याच्या आणि अर्जाच्याच वाटेने प्रयत्न केले. १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि येथला प्रश्न राज्यभर पोचला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, कामाचे तास, सुट्टी, हातातून गेलेल्या जमिनी, हे तिचे विषय होते. १९७४ मध्ये अंबरसिंग गेले, चळवळ चालू राहिली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या चळवळीत एक भाषिक घटना घडली. विनंती अर्जाच्या जागी 'मागण्यांचे निवेदन' आले. निवेदनाचा आरंभ साधारणतः 'आम्ही खाली सह्या व अंगठे करणार' असा होतो. 'मी' चा 'आम्ही' झाला. अंगठा तोच होता, पण कर्जरोख्यावरून तो मागणीपत्रावर आला. वाहरू सोनवणे हे भिली आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे कवी याच संघटनेतून घडले. १९८७ मध्ये त्यांचा 'गोधड' हा संग्रह आला. त्यांची 'स्टेज' ही कविता विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. दुसऱ्यांनी आमचे दुःख आम्हांलाच सांगावे, या स्थितीवर ती बोट ठेवते. अर्जनविसाने लिहिलेला अर्जही तेच करतो. गरजूचे गरजूपण तो दुसऱ्याच्या भाषेत मांडतो.

३

याच काळात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नोकरीच्या अर्जाच्या इतिहासातली एक अपूर्व गोष्ट आकार घेत होती. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी १९६५ मध्ये आपल्या भागात एक प्रयोग केला : काम मागणाऱ्याला काम द्यायचे. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकार भत्ता. नवे काम काढायला निदान पन्नास मजूर हवेत अशी अट होती. म्हणजे येथेही 'आम्ही' आवश्यक होता.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने या कायद्यातला कामाच्या मागणीचा कागद पाहावा. नाव, गाव, कोणत्या तारखेपासून काम हवे, किती दिवस हवे, सही वा अंगठा. त्यात 'गरजू' नाही, 'होतकरू' नाही, 'सहानुभूतीपूर्वक' नाही. तो स्वीकारल्याची तारीख घातलेली पोच मजुराला मिळाली पाहिजे, आणि सगळा जोर त्या पोचेवर आहे. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. हेमाडपंती मेस्तकापासून चालत आलेली पायऱ्यांची उतरंड या कागदाने उलटी केली. येथे अर्ज करणारा ऋणको नाही. उत्तर देण्याचे ऋण सरकारवर आहे.

२००५ चा केंद्रीय कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत नंदुरबार होता. त्याने वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली आणि मागणी लेखी तशीच तोंडीही करता येईल असे मान्य केले. ज्या मुलखात बोली आहेत आणि लिपी शाळेतून येते, तेथे तोंडी अर्जाला कायद्याने अर्जाचा दर्जा देणे ही साहित्यिकांनीही दखल घ्यावी अशी बाब होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा दुसरा कायदा मंजूर केला. त्याची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण 'काम द्यावे, ही विनंती' आणि 'काम हवे, पोच द्या' या दोन वाक्यांमधले अंतर जे चालून आले, त्यांच्या हातून ते सहज पुसले जाईल असे आम्हांला वाटत नाही.

कागदावरचा हक्क गावात पोचतोच असे नाही. पोच न देता तोंडी 'बघू' म्हणून परत पाठवण्याची रीत साऱ्या राज्याला ठाऊक आहे. अक्कलकुवा-धडगावची कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जात राहिली आहेत. तेथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. अर्जाच्या 'मी' आणि 'आम्ही' या दोहोंच्या खाली असलेली ही पायरी आहे : हत्याराच्या नावाने मोजले जाणारे माणूस. म्हणूनच मागणीचा तो कोरडा कागद आम्हांला मोलाचा वाटतो. त्यावर माणसाचे नाव असते.

४

येथवरचा इतिहास मजुरीचा झाला. परंतु ऊसतोडीला गेलेल्या त्या कोयत्यांची मुले आता बी.ए., डी.एड., एम.एस.डब्ल्यू. होऊन नोकरीचे अर्ज लिहीत आहेत. पुष्कळ सरकारी भरती संगणकावरच्या रकान्यांत गेली आहे. तेथे पत्राला जागा नाही. खासगी शाळा-महाविद्यालये, सामाजिक संस्था, कंपन्या यांच्याकडे मात्र माहितीपत्रकासोबत एक पत्र द्यावे लागते, ज्याला सगळे 'कव्हर लेटर' म्हणतात. आणि येथे पुन्हा विनंतीपूर्वक अर्ज करणारा तो जुना उमेदवार उभा राहतो.

मागणीच्या कागदाची मर्यादाही येथे दिसते. तो हक्क सांगतो, ओळख सांगत नाही. माती खोदायला कोणाचेही दोन हात चालतात, म्हणून तुला काय येते हे तो विचारत नाही. शिक्षकाच्या, कार्यकर्त्याच्या, परिचारिकेच्या जागेला हा प्रश्न टाळता येत नाही. विनंतीने तो कधी विचारलाच नव्हता. मागणीला त्याची गरज नव्हती. अर्जासोबतच्या पत्राचे खरे काम या तिसऱ्या जागी सुरू होते.

या कामाचा एक जुना दाखला युरोपात आहे. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात त्याने क्रमांक घालून आपल्याला काय करता येते ते सांगितले : हलके, वाहून नेता येणारे पूल, वेढ्याची साधने, भुयारे, तोफा. शिल्प आणि चित्र त्याने अगदी शेवटी घेतले. स्फोर्झाला त्या घडीला युद्धाची चिंता होती, चित्राची नव्हती. पत्राच्या अखेरीस सौजन्य आहे, पण त्याबरोबर यांपैकी काही अशक्य वाटल्यास प्रत्यक्ष करून दाखवतो अशी तयारीही आहे. समोरच्याची गरज ओळखून स्वतःचे कौशल्य तिच्या शेजारी ठेवणे, आणि ते पडताळून पाहण्यास सांगणे, एवढेच त्या पत्राचे रहस्य आहे.

हे नंदुरबारात आणून पाहू. धडगाव तालुक्यातली एक पावरा पदवीधर मुलगी तेथल्याच एखाद्या निवासी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करते आहे, असे समजू. रूढ नमुन्याप्रमाणे ती लिहील : 'मी गरीब व होतकरू उमेदवार आहे. अनुभव : निरंक.' 'निरंक' हा कचेरीतला मोठा निर्दय शब्द आहे. या मुलीने लहान भावंडांना सांभाळले, पावरीत त्यांना गोष्टी सांगितल्या, शाळेत मराठीशी झुंजली, त्या दोन भाषांमधली वाट स्वतः तुडवली. जी शाळा तिला नेमणार आहे, तिची सर्वांत मोठी अडचण हीच आहे की पहिलीत येणाऱ्या मुलाला शिक्षकाची मराठी कळत नाही आणि शिक्षकाला मुलाची पावरी. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या गावांत १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू झाल्या, तेव्हा मुलांची बोली जाणणारे स्थानिक तरुण तेथे शिक्षक झाले, ते याच कारणाने. असे असता पावरी येणे ही पात्रता तिच्या अर्जात नसते. प्रमाणपत्र नाही, म्हणून रकाना नाही. रकाना नाही, म्हणून उल्लेख नाही.

तिने असे लिहिले तर? 'आपल्या शाळेतील पहिली-दुसरीची बहुतेक मुले घरी पावरी बोलतात. माझीही ती मातृभाषा आहे. मी स्वतः मराठी शाळेत आल्यावर शिकले, त्यामुळे मूल कोठे अडते ते मला माहीत आहे. गेली दोन वर्षे मी पाड्यावरच्या मुलांना संध्याकाळी वाचायला शिकवते. आपण एक तास द्यावा, मी वर्गात शिकवून दाखवीन. १५ जूनपासून मी रुजू होऊ शकते.'

या मजकुरात उद्धटपणा नाही. 'द्यावा' या क्रियापदात आदर पुरेसा आहे; त्यासाठी गरिबी पुढे करावी लागत नाही. प्रत्येक वाक्य पडताळता येते. शाळेची अडचण आणि लिहिणारीचे जगणे शेजारी शेजारी आले आहेत. तारीख आहे, ती मागणीच्या कागदाकडून आली. 'मी' आहे, पण तो एकटा पडलेला नाही. त्याच्यामागे एक भाषा आणि एक पाडा उभा आहे. हा 'आम्ही' मधून जाऊन आलेला 'मी' आहे.

प्रभावी अर्ज कसा लिहावा याची सूत्रे देणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. एक पान पुरे, शुद्धलेखन तपासा, जागेचे आणि संस्थेचे नाव अचूक लिहा, तोच मजकूर सगळीकडे पाठवू नका, हे त्यांचे सांगणे योग्यच आहे. परंतु नोकरी देणाऱ्यापुढे आपण कोण म्हणून उभे राहायचे, हा प्रश्न सूत्रांनी सुटत नाही. मराठीने त्याला शेकडो वर्षे एकच उत्तर दिले, आणि आमच्या व्याकरणाच्या तासांनी ते मुलांच्या हाती जसेच्या तसे सोपवले. नंदुरबारच्या सालदारांनी, रोजगार हमीवरच्या मजुरांनी त्याला दुसरे उत्तर दिले.

भाषेच्या शिक्षकांकडे आमचे मागणे लहान आहे. अर्जलेखनाचा पाठ आला की फळ्यावर नमुना उतरवून देण्याआधी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : तुला काय येते, जे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नाही? उत्तर भिलीत आले तरी चालेल. ते मराठीत कसे मांडायचे, हे शिकवायला आपण आहोतच. 'निरंक' हा शब्द मात्र त्या तासापुरता पुसून टाकावा.